डाव्या कुशीवर वीस मिनिटं

जेवण उरकून मीना उमरीकर चटईवर डाव्या कुशीला वळली, खिडकीतून येणारा चिक्कडपल्लीच्या बाजाराचा गलका हळूहळू लांब जायला लागला, आणि डोळा लागतोय न लागतोय तोच उशाशी ठेवलेला फोन केकाटला. तिने न बघताच हात लांब केला. गेल्या पाच आठवड्यांत ते केकाटणं इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला हात आपोआप गॅसकडे जावा तसा तो फोनकडे जायचा. पडद्यावर लाल पट्टी, पट्टीत चोपन्न, आणि चोपन्नच्या शेजारी खाली तोंड केलेला बाण. घड्याळात पावणेदोन. ती उठून बसली. हात थरथरत नव्हते, छातीत धडधड नव्हती, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता, आणि भुकेचं तर नावच नको. तासाभरापूर्वीच तिने दोन पोळ्या, दोडक्याची भाजी आणि मूठभर वरणभात खाल्ला होता. तिला अगदी छान वाटत होतं. हल्ली तिला भीती वाटायची ती नेमकी याचीच.

लगेच कौस्तुभचा फोन आला. तो यायचाच. तिच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली होती, चकतीतून केसासारखी तार कातडीखाली गेलेली होती, ती तार मिनिटामिनिटाला साखर मोजायची आणि आकडा मीनाच्या फोनवर टाकायची. तिथून तोच आकडा हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीच्या कुठल्याशा अठराव्या मजल्यावर, मीटिंगमध्ये बसलेल्या तिच्या लेकाच्या फोनवर जायचा. साठ वर्षांच्या आयुष्यात आपल्या आत काय चाललंय हे कुणाला इतक्या तातडीने कळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आई, साखर खाल्लीस?"

"खाते रे. आत्ताच तर उठले."

"खाते नाही, खा. मी होल्ड करतो. फिफ्टीफोर आहे, अॅरो खाली आहे."

"अरे, पण मला काहीच होत नाहीये."

"तेच तर ना, आई!" त्याचा आवाज चिरकला, मग कुणीतरी शेजारी असावं तसा एकदम खाली आला. "डॉक्टर काय म्हणाले? काही न होणं हाच प्रॉब्लेम आहे. खाल्लीस का?"

तिने ग्लुकोजची पूड दोन चमचे तोंडात टाकली. जिभेवर ती गार लागली, टाळूला चिकटली. "खाल्ली बाबा," ती म्हणाली. पलीकडे त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. मग तो म्हणाला की उद्या शनिवार, तो सकाळीच येईल, सामान बांधायला लागू. परवा भाडेकरू किल्ली घ्यायला येणार आहेत, दोघंही बँकेत आहेत, माणसं चांगली आहेत. आणि त्याच्या बायकोने, तेजश्रीने, कोकापेटच्या त्यांच्या घरात तिची खोली तयार करून ठेवलीये, पूर्वेची. मीना सगळ्याला हो म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा हो म्हणाली तेव्हा तिला वाटलं होतं की आपण वेळ मारून नेतोय, पण वेळ काही मारली गेली नाही. ती चालत चालत दारात येऊन उभी राहिली होती. पुढच्या दहा मिनिटांत आकडा नेहमीसारखा वर आला, सत्तर, ब्याऐंशी, शंभर, आणि मग त्या दोन चमच्यांनी आपलं काम केलं आणि तो दोनशेच्या पलीकडे जाऊन बसला.

डॉक्टर तरुण होते, मृदू बोलायचे, आणि त्यामुळेच त्यांच्या बोलण्याने जास्त भीती वाटायची. मधुमेह तुम्हाला बावीस वर्षं आहे अम्मा, ते म्हणाले होते, त्यातली सात वर्षं इन्सुलिन; काही लोकांचं शरीर मग सांगायचंच बंद करतं. साखर खाली जाते, पण घाम नाही, थरथर नाही, काही नाही. माणूस म्हणतो मी मजेत आहे आणि पुढच्या मिनिटाला खाली पडलेला असतो. सकाळच्या इन्सुलिनचा जोर दुपारी येत असेल म्हणून त्यांनी ते कमी केलं, मग आणखी कमी केलं; त्याने दुपारचं केकाटणं थांबलं नाही, फक्त सकाळची साखर अडीचशेला पोचली, आणि मीनाच्या तोंडाला कोरड पडायला लागली. एकटीने राहणं बरं नाही, असंही ते म्हणाले होते, पण ते कौस्तुभकडे बघून. तिच्याकडे बघून म्हणाले असते तर ती भांडली असती. कौस्तुभकडे बघून म्हटल्यावर भांडायचं कुणाशी.

तेव्हापासून ठीक वाटण्याचं सुख तिचं गेलं ते गेलंच. पूर्वी सकाळी बाजारात जावं, लिंबं चाचपून घ्यावीत, गोंगुरेची, म्हणजे अंबाडीची, जुडी हुंगून बघावी, कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बिनसाखरेचा चहा मागावा आणि त्याने दरवेळी "बगैर शक्कर का? वो चाय हैच नहीं अम्मा" असं म्हणावं, आणि घरी येताना उगाच बरं वाटावं. आता बरं वाटलं की ती रस्त्यातच थांबायची. हे बरं वाटणं खरं आहे की तेच ते? की आत काहीतरी पाचपाच दहादहाने खाली चाललंय आणि वर मी आपली लिंबं हुंगतेय? मग पिशवी गुडघ्याला टेकवून फोन काढायचा, आकडा बघायचा, आणि आकड्याने परवानगी दिली तर बरं वाटून घ्यायचं. आरटीसी क्रॉस रोड्सच्या चौकात एकदा तिने तर दुभाजकाचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, केवळ तिला फार मोकळं वाटत होतं म्हणून.

आणि ही शंका अशी चिवट, की ती आजपुरती थांबेना, मागेमागे जायला लागली. मीनाने जन्मभर लोकांना एकच गोष्ट सांगितली होती, मी ठीक आहे. लग्नानंतर विक्रमची वरंगळला बदली झाली आणि सासूबाई आणि दीड वर्षाचा कौस्तुभ तिच्या पदरात टाकून तो गेला तेव्हाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाही. चार वर्षांपूर्वी विक्रम अतिदक्षता विभागात होता, आणि ती बाहेर लोखंडी बाकावर अकरा दिवस, तो जाईपर्यंत, बसली होती, तिथे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तिने हेच सांगितलं. आणि खोटं म्हणून नव्हतं सांगितलं. तिला खरंच ठीक वाटायचं. बाकावर बसून तिने शब्दकोडी सोडवली होती. आता ती विचार करायची, की तेव्हा आपण ठीक होतो की आपलं सांगायचं बंद झालं होतं? डॉक्टर सात वर्षं म्हणतात, कशावरून चाळीस नाहीत? असा विचार आला की अंगावर काटा यायचा, आणि काटा आला की तिला हायसं वाटायचं, की चला, काहीतरी येतंय अजून.

चटईवरून ती उठली नाही. ही चटई तिची फार लाडकी होती. निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ती बाजारातून स्वतः निवडून आणली होती, गवताची, लाल किनारीची, आणि जेवल्यावर ती बैठकीत अंथरून डाव्या कुशीवर वीस मिनिटं पडली होती. तिच्या वडिलांची, मुकुंदरावांची, ही रीत. सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत ते गणित शिकवायचे, शाळा सकाळची असायची, साडेबाराला ते जेवायचे आणि मग वामकुक्षी. डावी कूसच, उजवी नाही. अन्न पचतं म्हणायचे. वीस मिनिटं घरात कुणी भांडं आपटायचं नाही, खोकायचं नाही. आई त्या वेळात स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकटी जेवायची, हळूहळू चावायची, पापड असला तर तो भातात मऊ करून खायची. आईला आडवं झालेलं मीनाने दिवसा कधी पाहिलं नाही. दोनदाच पाहिलं, एकदा तापात आणि एकदा शेवटचं. मीना स्वतः नोकरीतली चौतीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत उभ्याउभ्या डबा खाऊन फायलींना लागलेली. त्यामुळे त्या दिवशी भर दुपारी, घरात कुणी पुरुष नसताना, बाईमाणसाने चटई टाकून डाव्या कुशीला वळायचं, याचा तिला आधी संकोच वाटला आणि मग असा आनंद झाला की झोपच लागली नाही. नोकरी संपली हे तिला निरोपसमारंभात कळलं नव्हतं, ते त्या चटईवर कळलं.

आणि परमेश्वराला कुठलं सुख बघवतं! नेमकं त्याच वीस मिनिटांत हे यंत्र बोंब मारायचं. रात्री नाही, सकाळी नाही, बाजारात नाही, जिने चढताना नाही. कोकापेटला गेल्यावर चटई कुठे टाकायची हा प्रश्न तिने तेजश्रीला विचारला नव्हता. तिथे बाविसाव्या मजल्यावर पूर्वेची खोली होती, पलंग होता, तेजश्री मनाची खरंच चांगली होती. पण दुपारी दोघंही घरून काम करत असताना, मोठ्याने इंग्रजीत बोलत असताना, सासूबाई मध्यभागी चटईवर लोळताहेत हे चित्र मीनाला डोळ्यांसमोर आणवेना. त्या घरात ती दुपारी बसून राहील. भिंतीकडे तोंड करून जेवणार नाही, तेवढे दिवस बदललेत. पण आडवीही होणार नाही.

दोन वाजता गंगू कामाला आली. गंगू महाराष्ट्राच्या सीमेवरच्या भैंशा गावाकडची, तीस वर्षं हैदराबादेत राहिलेली, तिच्या मराठीत तेलुगू आणि तेलुगूत मराठी. हे घर सोडणार म्हटल्यापासून ती भांड्यांवर राग काढायची. आज मात्र तिने केर काढता काढता झाडू थांबवला आणि मीनाच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

"अय्यो अम्मा, ह्ये काय हो? चटई उमटली ना दंडावर."

"कुठे गं?"

"हितं बघा, बटनाच्या कडंनं. सगळी काडी न काडी दिसायली. आन् बटन तर खाल्लाकडं घुसलं की ओ आत." ती चकती गंगूच्या लेखी बटणच होती. "दुखत नाही तुमाला?"

मीना आरशासमोर जाऊन मान वळवून बघायला लागली. दंडाच्या मागे चटईची वीण स्वच्छ उमटली होती, समांतर लाल रेघा, आणि मध्ये चकतीभोवती कातडी पांढरीफटक पडून एक खोल कडं झालं होतं. तिला एकदम वडिलांचा दंड आठवला. वीस मिनिटांनी ते उठून बसायचे तेव्हा त्यांच्या गोऱ्या डाव्या दंडावर अशाच रेघा असायच्या आणि ती, पाच-सहा वर्षांची, त्या बोटाने मोजायची. सोळा, सतरा. ते हात झटकायचे आणि म्हणायचे, मुंग्या आल्या गं, सगळं रक्त अडलं. सगळं रक्त अडलं. मीना आरशासमोर तशीच मान वळवून उभी राहिली, मान दुखायला लागली तरी.

मीनाची चौतीस वर्षं वजनमापं खात्यात गेली होती. कारकून म्हणून लागली आणि निरीक्षक होऊन निवृत्त झाली. पहिल्या दिवशी तिला अफझलगंजला घेऊन गेले ते मुनीर साहेब, पान खाणारे, हळू चालणारे, जन्मात कुणावर ओरडले नसतील. एका चिंचेच्या दुकानात तराजू बघायला ते थांबले. मीना नवी, उत्साही. तिने वाकून काट्याचा आकडा बघितला, वहीत टिपला आणि म्हणाली, बरोबर आहे सर. मुनीर साहेब हसले. "मॅडम, कांटे कू नक्को देखो. कांटे कू कौन हात लगारा, वो देखो." तिने मान वर केली. दुकानदाराच्या पोटाचा घेर पारड्याला टेकलेला होता, आणि तो बिचारा आपल्या पोटाला आवरून घेत अत्यंत निरागस चेहऱ्याने उभा होता. त्या दिवसापासून मीनाने हजारो काटे तपासले. मसाल्याचे, मोत्यांचे, भंगाराचे. आधी रिकामी पारडी, काटा मधोमध येतो का ते. मग काट्याला कुठे काय टेकलंय ते. दोरी भिंतीला घासतेय का, खाली टेबल लागतंय का, कुणाचा अंगठा, कुणाचा पदर. आकडा सगळ्यात शेवटी. दुकानदार तिला लांबून बघूनच पारड्यांपासून दोन पावलं मागे सरायचे.

आणि तीच मीना उमरीकर पाच आठवडे एका काट्यावर पाऊणशे किलोंनिशी झोपत होती आणि आकडा वाचत होती.

ती मटकन पलंगावर बसली. गंगू घाबरली, "साखर आणू का अम्मा?" म्हणाली. "नको," मीना म्हणाली, "आज पुन्हा साखरेचं नाव काढू नको." तिला हसू येत होतं आणि रडूही. मग तिने स्वतःला दटावलं. अजून तपासणी झालेली नाही. पोट टेकलेलं दिसलं म्हणून काटा खोटा ठरत नाही; पोट बाजूला करून परत तोलावं लागतं. संध्याकाळभर ती हिशोब लावत राहिली. रात्री ती उजव्या कुशीवर झोपते, कारण विक्रम डावीकडे घोरायचा आणि तीस वर्षांत ती सवय हाडात गेली; म्हणून रात्री नाही. गेल्या मंगळवारी दुपारी ती पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती, झोपली नाही. म्हणून मंगळवारी नाही. आणि जाग आल्यावर, साखर पोटात पोचायच्या आधीच, आकडा वर यायला लागतो, कारण ती उठून बसलेली असते. श्रेय मात्र ग्लुकोजच्या डब्याला. जुनं, बोटाला टोचायचं यंत्र कपाटात होतं, पण ते नेमकं त्या क्षणी वापरायचं कुणालाच सुचलं नव्हतं. कौस्तुभची शिस्त कडक, आधी खा, मग बोल. पुन्हा पुन्हा तिचं मन आनंदाने उडी मारायला बघायचं आणि ती त्याला खाली बसवायची. पाच आठवड्यांत तिला आनंदाची एवढी धास्ती बसली होती.

शनिवारी कौस्तुभ पुठ्ठ्याची खोकी घेऊन आला. त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढली होती. त्याने पुस्तकांपासून सुरुवात केली, विक्रमच्या चष्म्याची घरं कागदात गुंडाळली. तिने त्याच्यासाठी मुद्दाम खड्या मसाल्यांचा बगारा भात आणि बघारी वांगी केली होती, तो दोनदा मागून घेऊन जेवला. जेवण झाल्यावर तिने कपाटातून जुनं यंत्र काढलं, टोचायच्या सुया काढल्या, साबणाने हात धुवून घेतले, कारण बोटाला साखर लागलेली असली तर तेही फसतं, आणि चटई अंथरली.

"कौस्तुभ, इथे बस. फोन हातात धर. आणि मी सांगेपर्यंत मला साखर द्यायची नाही."

"म्हणजे?"

"मी डाव्या कुशीवर झोपणार आहे. जागीच राहीन. आकडा खाली गेला की बोटाला टोच."

त्याला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर तो भडकला. "आई, असे एक्सपेरिमेंट नसतात करायचे! खाली गेल्यावर टेस्ट करायला थांबायचं? तुला फीट आली तर? मी काय करू?"

"तू इथे आहेस म्हणून तर आज करायचं. डबा मांडीवर घेऊन बस. मी एक शब्द जरी चुकीचा बोलले तर ओत तोंडात."

"तुला कळणार नाही ना पण!"

"तुला कळेल," ती म्हणाली. "तू मला ओळखतोस ना?"

तो चटईशेजारी मांडी घालून बसला, एका हातात फोन, एका हातात डबा. मीना डाव्या कुशीला वळली, दंड अंगाखाली घेतला, मुद्दाम भार दिला. फोनवर एकशे चोवीस होते. बाजारात कुणीतरी पेरू विकत होता. आता खरं म्हणजे तिच्या पोटात गोळा आला होता, आणि हा गोळा साखरेचा नव्हता. समजा टोचल्यावरही पन्नास निघाले? समजा डॉक्टरच बरोबर असले, आणि गंगूने दाखवलेल्या चार रेघांवर मी माझं घर लटकवत असले? मग उद्या किल्ली द्यायची, आणि त्यानंतर जन्मभर, लिंबं हुंगताना, नातवंडं झाली तर त्यांना मांडीवर घेताना, कुठल्याही सुखावर विश्वास ठेवायचा नाही. घराचं तिला फार नव्हतं, घरं सुटतात. पण आपणच आपल्याला परके होऊन कसं राहायचं? वडिलांना रक्त अडल्याचं कळायचं. मुंग्या यायच्या. तिने डाव्या हाताची बोटं हलवली. मुंग्या येत होत्या. दंड बधिर होत होता, खांद्यापासून कोपरापर्यंत, अगदी व्यवस्थित, रीतसर. शरीर सांगत होतं की.

"एकशे दोन," कौस्तुभ म्हणाला. मग, "सत्त्याऐंशी." मग बराच वेळ काही नाही. "आई, बोल काहीतरी."

"सत्तेचाळीसपासून तीन तीन वजा करू? बाबा शाळेत पोरांना द्यायचे. चव्वेचाळीस, एक्केचाळीस, अडतीस..."

"सत्तर. आई, अॅरो खाली आलाय."

"पस्तीस, बत्तीस..."

फोन केकाटला. "एकसष्ट! आई, बास, दे बोट, दे!" घाईत सुई आधी चटईला लागली. मग लागली बोटाला. तिने रक्ताचा थेंब पट्टीवर धरला, आणि यंत्राने पाचापासून उलटं मोजायला सुरुवात केली. तेवढ्या पाच सेकंदांत मीनाला आपल्या आईचं जेवण ऐकू आलं, ते हळूहळू चावणं.

एकशे अठरा.

दोघांनीही यंत्राकडे बघितलं. मग फोनकडे. फोनवर आता एकोणसाठ होते आणि लाल पट्टी जोरजोरात लुकलुकत होती. कौस्तुभने दुसऱ्या बोटाला टोचलं, या वेळी हात स्थिर ठेवून. एकशे सोळा. मीना उठून बसली, दंड चोळला, आणि थोड्या वेळाने फोनवरचा आकडा, तिने साखरेचा कणही न खाता, मुकाट्याने वर चढायला लागला.

"टेकलं होतं," मीना म्हणाली.

"काय?"

"काट्याला पोट टेकलं होतं. मीच टेकले होते."

त्याने डॉक्टरांना आणि तेजश्रीला लांबलचक निरोप टाकला, सगळे आकडे, वेळा, कोणती कूस. वीसेक मिनिटांनी डॉक्टरांचं उत्तर आलं. हो, असं होतं. अंगाखाली दाब पडला की चकती कमी दाखवते. मी झोपायची कूस विचारायला हवी होती. पुढची चकती झोपताना अंगाखाली येणार नाही अशा जागी लावा, शंका आली तर बोटाला टोचून बघा, आणि इन्सुलिन पहिल्यासारखं करू, सोमवारी या. शेवटी, अम्मांना नमस्कार सांगा. कौस्तुभने ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना 'नमस्कार'वर त्याचा आवाज फुटला, आणि छत्तीस वर्षांचा तो घोडा आईच्या चटईवर बसून हमसाहमशी रडायला लागला. मीनाचा जीव भांड्यात पडला होता तो खरं तर आकडा बघून नाही, हे बघून पडला. पाच आठवडे रोज पावणेदोनला आपली आई मरतेय असं त्याला दिसत होतं, आणि तो ते खिशात घेऊन हिंडत होता. तिचेही डोळे वाहायला लागले.

"भाडेकरूंना काय सांगू?" नाक पुसत तो म्हणाला.

"माझ्या आईला बरं वाटतंय म्हणून सांग."

तो हसला. ती खोक्यातून पुस्तकं काढून परत लावायला लागली, तर तो म्हणाला की पाच मिनिटं पडतो आणि मग मदत करतो. आणि पडला तो तिच्या चटईवर, उताणा, तोंड उघडं टाकून, दोन्ही हात पसरून, लहानपणी झोपायचा तसा. पाचाची पंचवीस मिनिटं झाली. मीनाने भांडं आपटलं नाही. चष्म्याची घरं एकेक कागदातून सोडवून तिने त्यांच्या जागी ठेवली. बाजारातला गलका कमी झाला होता, दुपार पुरती उतरली होती.

तेवढ्यात त्याचा फोन घूं घूं करायला लागला. तेजश्री. मीनाने तो उचलून गच्चीच्या दाराशी नेला.

"आई? कौस्तुभ कुठेय? मेसेज वाचला मी, मला काही समजेचना. हे खरंय?"

"खरंय गं. झोपलाय तो. झोपू दे."

"झोपला? दिवसा?" "बरं झालं. दोन आठवडे झोपलाच नाहीये तो. आणि तुम्ही? तुम्ही कशा आहात?"

मीनाच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिने तिथेच थोपवलं. आधी रिकामी पारडी. हात, थरथर नाही. पाय, उबदार. दंडात अजून थोड्या मुंग्या, उतरत चाललेल्या. डोळे जरा चुरचुरताहेत, ते रडण्याचे. पोटातला गोळा गेलाय. कशालाही काही टेकलेलं नाही. तिने हे सगळं सावकाश तपासलं आणि मग म्हणाली, "मी ठीक आहे, तेजश्री."

"बरं," तेजश्री म्हणाली. तिने आकडा विचारला नाही.